नळवाला येईपर्यंत

आमच्याकडे 'ळ' टिकत नाही. पुण्या-मुंबईकडचा पाहुणा आईशी दहा मिनिटं बोलला की त्याच्या हे लक्षात येतं. आई डाळीला दाय म्हणते, केळीला केयी, नळाला नय, आणि यवतमाळला सरळ येवतमाय. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पोरांच्या वह्यांत लाल शाईनं 'ळ' बसवत राहिलो; घरी मात्र कधी कुणाची चूक काढली नाही. गेल्या मे महिन्यात एका सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "बाबू, नय गयते रे!" दोन शब्दांत दोन 'ळ' असायला हवे होते, दोन्ही गळून गेलेले. मी पेपर खाली ठेवला आणि सावकाश उठलो. गळणाऱ्या नळासाठी कोणी धावत जात नाही.

ओट्याखाली, नळाचा पाइप जिथं भिंतीतून बाहेर येतो तिथं एक थेंब लोंबत होता. भरायचा, लांबायचा, सुटायचा. आईनं खाली गंज ठेवला होता; पातेल्याला आम्ही गंज म्हणतो. मी उकिडवा बसलो, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि अशा वेळी जे करू नये तेच केलं. पाना आणला. 'थोडं आवळून पाहतो,' म्हणालो. तो पाइपाचा तुकडा म्हणजे लोखंडी निप्पल, घर बांधलं तेव्हाची, पंचवीस वर्षांची. बाहेरून चांगली गुटगुटीत दिसत होती, पण आट्यांपाशी आतून गंज चढून तिचा कागद झाला होता. पान्याचा अर्धा फेरा झाला असेल नसेल, ती मुकाट्यानं मोडून हातात आली. आणि भिंतीतून पाण्याची एक जाड काठी निघून माझ्या छातीवर बसली.

"मेन बंद करा आधी, मेन!" बायको ओरडली आणि माझी वाट न पाहता स्वतःच धावली. मिक्सरचं बटण आणि फ्रिजचा प्लग त्या ओट्याच्या वरच. खटका पडला, पंखा थांबला, बाहेरच्या खोलीतला कूलर घरघरून गप्प झाला. मेमधल्या यवतमाळात कूलर बंद पडणं म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्यालाच विचारावं. मी दोन्ही तळहात भिंतीवर दाबून पाणी अडवत होतो आणि ते बोटांच्या फटींतून चारी दिशांना उडत होतं. आई दारात उभी. वय ८३. तिनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हात काहून लावते? बोट लाव न, बोट!"

मी अंगठा लावला. पाणी थांबलं.

इतकं सोपं. भिंतीतल्या एल्बोचं तोंड अर्ध्या इंचाचं, आणि अंगठा त्यात बुचासारखा बसला. नंतर मी हिशेब करून पाहिला. गच्चीवरची टाकी ओट्याखालच्या त्या भोकापासून फार तर चार मीटर उंच. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब, आणि दोन चौरस सेंटिमीटरांचं तोंड: अंगठ्यावर पाऊण-एक किलोचा भार. किलोभर साखर अंगठ्यानं दाबून धरायची, बस्स. पण ती साखर खाली ठेवता येत नाही, ही मेख. पाच मिनिटांत अंगठा बधिर झाला, दहा मिनिटांत मनगट. खाली ओल्या फरशीवर मी तिरका बसलेला, मान सिंकच्या पाइपाखाली वाकलेली.

बायको गच्चीवर वॉल बंद करायला गेली. टाकीच्या बुडाशी गेट वॉल आहे, पितळी, वर लाल चाक. हा वॉल घर बांधल्यापासून कुणी फिरवलेला नव्हता. ज्या वस्तूची गरज पंचवीस वर्षांतून एकदा पडते ती त्या एका दिवशी चालेल, असा भरवसा आपण का ठेवतो कोण जाणे. वरून आवाज आला, "अहो, चाक हातात आलं!" तिच्या आवाजात काळजीपेक्षा आश्चर्य जास्त होतं. आता घरात दोन माणसांच्या हातात घराचे दोन तुकडे होते.

आणि टाकी भरलेली होती, काठोकाठ. त्याच पहाटे नळ आले होते. आमचं लोहारा आता यवतमाळ नगरपालिकेत आहे. हद्दवाढीआधी आमची ग्रामपंचायत होती. दारव्हा रोडवरचं हे गाव. एका अंगाला एमआयडीसी, तिथं डेनिमचं कापड विणतात. दुसऱ्या अंगाला अजून कापसाची वावरं. गावाच्या नावात लोहार दिसतो, पण लोखंडी निप्पल तुटली तर ती बसवणारा मिळेलच असं नाही. नळ त्या दिवसांत आमच्या ओळीत चार-पाच दिवसांआड यायचे. 'नळ येणं' हा आमच्याकडचा वाक्प्रचार. पाणी येत नाही, नळ येतात, पाहुणे यावेत तसे; आणि आले की सगळं घर उठून उभं राहतं. टिल्लू पंप लावायचा, पाइप ओढायचे, वरची टाकी, खालचं टाकं, ड्रम, बकेटी. तसं पहाटे चारला जागून भरलेलं हजार लिटर पाणी माझ्या अंगठ्यामागे उभं होतं. अंगठा काढला असता तर तासाभरात ते सगळं स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून नालीत गेलं असतं.

नळवाल्याला फोन लागला. बायकोनं मोबाइल माझ्या कानाशी धरला. पलीकडे बँड वाजत होता. "हो सर! येऊन रायलो ना. दारव्हा रोडवरच आहो. दहा मिनिटात." दारव्हा रोड यवतमाळहून दारव्ह्यापर्यंत जातो, त्यामुळे तो खोटं बोलत होता असं म्हणता यायचं नाही. लग्नसराईचे दिवस. तो वरातीत असावा. मी म्हटलं, "बाबा, मी अंगठा लावून बसलो आहे." तो म्हणाला, "बसा सर, बसा." त्याला वाटलं असावं, मी खुर्चीत बसलोय.

अंगठा लावून बसलेल्या माणसाला दुसरं काम नसतं. मला आरुणी आठवला. ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल. महाभारताच्या आदिपर्वातली. धौम्य ऋषींनी शिष्याला सांगितलं, जा, शेताचा बांध फुटलाय, पाणी अडव. त्यानं माती टाकून पाहिली, ती टिकेना, तेव्हा तो स्वतः त्या भगदाडात आडवा झाला. रात्र झाली, गुरू शोधत आले, त्यांनी हाक मारली. पोरांना आम्ही इथवरच सांगतो, गुरुभक्ती म्हणून. पण पुढची ओळ मला त्या ओल्या फरशीवर बसल्यावर पहिल्यांदा नीट कळली. हाक ऐकून आरुणी उठला. म्हणजे बांध पुन्हा फुटला! गुरूंनी त्यावरच त्याचं नाव ठेवलं, उद्दालक, बांध फोडून उठलेला. शेताचं पुढं काय झालं, व्यासांनी सांगितलेलं नाही. मदतीला माणूस येतो आणि तो येताच आपण जागा सोडतो, हे व्यासांना कुठल्या घरात दिसलं असेल?

मग तो हॉलंडचा पोरगा. समुद्राच्या बांधाला पडलेल्या भोकात रात्रभर बोट घालून बसलेला. ही गोष्ट जगभर पसरली ती मेरी मेप्स डॉज या अमेरिकन बाईंच्या १८६५ सालच्या पुस्तकातून. खुद्द डच लोकांना त्या पोराचा पत्ता नव्हता. शेवटी बाहेरून येणारे प्रवासी विचारून विचारून थकवतात म्हणून १९५० साली त्यांनी स्पार्नडाम गावात त्याचा पुतळा उभारून टाकला. बोटानं समुद्र अडत नाही हे त्यांना माहीत असणार. माझी टाकी समुद्र नव्हती, हे माझं नशीब.

आणि पानशेत. १९६१ च्या जुलैत, १२ तारखेच्या आदल्या रात्री, खचत चाललेल्या मातीच्या धरणावर लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. धरण फुटायचं ते फुटलंच, सकाळी. पण रात्री फुटलं असतं तर झोपलेल्या पुण्याचं काय झालं असतं, हे तिकडची जुनी माणसं अजून सांगतात. पोत्यांनी धरण वाचवलं नाही, पण फुटण्याची वेळ पुढं ढकलली. हे सगळं माझ्या ओट्याखाली आठवावं ही थोडी अतिशयोक्ती झाली, कबूल आहे. पण अंगठा सुन्न झाला की डोकं कुठंही जातं.

आईच्या डोक्यात असलं काही नव्हतं. ती मोरीत गेली आणि तिनं नळ सोडला. "टाकीतलं पानी काढून घ्या," ती बायकोला म्हणाली. "भिंतीतून जाईन त्यापरीस भांड्यात राहू दे." बंद करता येत नसेल तर रिकामं करायचं. मग आमच्या घरात त्या सकाळी दुसऱ्यांदा नळ आले. माळ्यावरचे पाण्याचे गुंड उतरले, तांब्याचं गंगाळ आलं, लग्नकार्यातले मोठे गंज, बकेटी, पातेली, कूलरची टाकी. भांडी भरत आली तशी बायकोनं शेजारी आवाज दिला. दहा मिनिटांत आमच्या मोरीपाशी रांग लागली. मी ओट्याखालून फक्त पावलं पाहत होतो, जोडवी, स्लिपरा, आणि बकेटींची बुडं. एका काकूंनी वाकून माझ्याकडे पाहिलं. "सर, तिथं काहून बसले जी?" मी म्हटलं, "बोट लावलंय." त्या समजूतदारपणे मान हलवून गेल्या.

या भांडी भरण्यात एक सराव होता. तो कुठून आला ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१८ चा उन्हाळा. निळोणा आणि चापडोह, यवतमाळला पाणी पाजणारी दोन्ही धरणं, तळाला गेलेली. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस नळ नाहीत. रात्री टँकरचा आवाज आला की गल्ली जागी व्हायची. त्या चार महिन्यांनी आमच्या हाडांत काही सवयी बसवल्या, त्या धरणं भरल्यावरही गेल्या नाहीत. पुढच्या जानेवारीत यवतमाळला ९२वं साहित्य संमेलन झालं, अरुणा ढेरे अध्यक्ष. आमच्याकडे पुण्याचे एक कवी उतरले होते. दात घासताना ते नळ सोडून ठेवायचे आणि आरशात पाहत विचार करायचे. आई मोरीच्या दाराशी उभी राहायची, मधेच आत जाऊन नळ बंद करून यायची, न बोलता. तिसऱ्या दिवशी त्यांनी तांब्या मागितला.

दोन धरणांवर भागत नाही म्हणून बाभुळगावाकडच्या बेंबळा धरणाहून यवतमाळला पाणी आणायची योजना आली, कोसच्या कोस पाइप टाकले. पण एवढ्या लांबून, पंपानं चढवून, गाळून, गॅस मारून आणलेलं पाणी शेवटी येऊन थांबतं ते आमच्या ओट्याखालच्या बोटभर निप्पलवर, आणि तिथं घोडं अडतं.

तर, पुन्हा ओट्याखाली. अर्ध्या तासानं मी म्हणालो, आता माझ्यानं होत नाही. आई परसात गेली आणि पऱ्हाटीची एक वाळकी काडी घेऊन आली. कापूस वेचून झाल्यावर वावरात उभी राहते ती पऱ्हाटी. पूर्वी आमच्या सगळ्या चुली तिच्यावर पेटायच्या. गॅस आला तरी आई एक मोळी ठेवतेच, पाणी तापवायला. तिनं विळीवर बसून त्या काडीचा बुडखा तासला, अंगठ्याएवढा जाड, टोकाला निमुळता. मग त्यावर वातीचा कापूस गुंडाळला, देवाची वात वळते तसाच, मांडीवर फिरवून. वरून माझ्या जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली. "काढ बोट." मी अंगठा काढला, पाण्याची काठी पुन्हा निघाली, ती आईच्या खांद्यावरून गेली, आणि तिनं खुंटी आत घालून बत्त्यानं तीन ठोके दिले. खलबत्त्यातल्या. मी पाहत राहिलो. लाकूड भिजलं की फुगतं, कापूस भिजला की दाटतो. पाणी जितकं भिजवेल तितकं ते बूच पक्कं होत जाणार. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कापसाच्या मुलखातली बाई, झाडाचा बुडखाही त्याचाच आणि वरचं बोंडही त्याचंच.

 

खुंटी बसली तरी कडेनं एक थेंब येतच राहिला. हा थेंब मात्र आता आमचा होता, आमच्या अटीवर येणारा. त्याखाली गंज होता, म्हणून त्याचा आवाज होता. टण्. पंखा बंद, कूलर बंद, दुपारचे बारा, बाहेर ऊन म्हणजे कढईतलं तेल, आणि त्या शांततेत टण्. मला लहानपणचं घर ऐकू आलं. कवेलूचं, म्हणजे कौलारू घर. रोहिण्या लागायच्या आधी कवेलू फेरायला माणसं यायची; फुटकी काढून नवी बसवायची, माकडांनी सरकवलेली नीट करायची. तरी पहिल्या मोठ्या पावसात घर गळायचंच. कुठं गळतं हे पाठ होतं. चुलीजवळ गंज, उतरंडीपाशी गुंड, बाबांच्या खाटेच्या पायथ्याशी पितळी परात. प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि भांडं भरत जाई तसा तो बदलायचा, टण् चा टप् व्हायचा, टप् चा टुळ्. झोपेतही कळायचं की परात भरत आली. मग अंधारात कुणीतरी उठायचं, परात ओतायचं, आणि पुन्हा टण्. आम्ही भावंडं अंथरुणं ओढत कोरड्या जागेकडं सरकायचो. सकाळी सगळे एकाच कोपऱ्यात सापडायचे.

बायकोला तो टण् सहन होईना. तिनं सुतळीचा एक तुकडा खुंटीला बांधला आणि दुसरं टोक तांब्यात सोडलं. थेंब आला, सुतळीच्या गाठीवर थबकला, आणि पडायच्या ऐवजी सुतळीवरून सरसरत खाली उतरला. आवाज नाही. दुसरा आला. त्यालाही वाट कळली. मी बराच वेळ ते पाहत बसलो. ओली सुतळी काळपट झाली होती, तिच्या पिळांतून पाणी फिरत-फिरत उतरत होतं, गोगलगाय उतरावी तसं. लिटरभराचा तांब्या भरायला तास-सव्वा तास लागला. म्हणजे दिवसाचे वीस लिटर. कूलरला दुपारभर पुरेल इतकं. ते कूलरमध्येच गेलं, लाइट लावल्यावर.

असं थेंबथेंब पाणी सोडणारं एक भांडं आपण मुद्दाम भोक पाडून टांगतो. महादेवाच्या देवळात, पिंडीवर. त्या अभिषेकपात्राला मराठीत शब्द आहे: गळती. नळाला वापरतो तोच. जुन्या लोहाऱ्यातल्या देवळात श्रावणात ती टांगलेली असते, तांब्याची, बुडाला भोक, भोकात दर्भाची किंवा दोऱ्याची वात, म्हणजे धार न पडता थेंबच पडावा. बायकोनं सुतळी बांधली ती काही देवळात पाहून नव्हे, पण युक्ती तीच. एका घरात ज्याच्यासाठी नळवाल्याला पाच फोन करायचे, तेच दुसऱ्या घरात पुजाऱ्यानं रात्रभर जागून चालू ठेवायचं. थांबलं तर अपशकुन. २०१८ मध्ये पावसासाठी लोकांनी कुठं-कुठं पिंडी पाण्यात बुडवल्या. आमच्या आईचं म्हणणं होतं की आधीच नाही तिथं देवाला कशाला इतकं पाजता, त्याला थेंबाची सवय आहे.

आणि माठ. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर काळा माठ आहे. तो वर्षानुवर्षं झिरपतो, खाली ओला गोल असतो, आणि त्याबद्दल आम्ही कुणालाच फोन करत नाही. झिरपतो म्हणून तर त्याचं पाणी गार. अंगावर आलेलं पाणी वारा पितो, आणि पिताना आतला उन्हाळा घेऊन जातो. दोन-तीन उन्हाळ्यांनी क्षार बसून छिद्रं बुजली, माठ गळायचा थांबला, की आई त्याला अंगणात तुळशीपाशी ठेवून नवा आणते. 'आंधया झाला,' म्हणते. जिरण्यावरून आठवलं, आमच्या जिल्ह्यानं महाराष्ट्राला सुधाकरराव नाईक दिले, पुसदचे, मुख्यमंत्री असताना त्यांनी १९९२ मध्ये जलसंधारणाचं वेगळं खातंच काढलं. पाणी अडवा, पाणी जिरवा, ही घोषणा तेव्हा शाळेच्या भिंतीवर मीच गेरूनं लिहिली होती. त्या दुपारी लक्षात आलं की पाणी जिरावं ते वावरात. भिंतीत जिरलं तर?

कारण भिंतीत जिरत होतं. ओट्यामागची ती भिंत पलीकडून बैठकीची भिंत. साडेदहाला तिथं तळहाताएवढा डाग दिसला. आईनं माझ्या खिशातली पेन्सिल काढून घेतली, डागाच्या कडेनं रेघ मारली आणि मला म्हणाली, "वेय लिही." मी लिहिलं, १०:३०. तिचं म्हणणं असं: गेलेलं पाणी असेल तर डाग थांबेल. आतून अजून येत असेल तर रेघ ओलांडेल. खुंटी बाहेरून बसली आहे, पण एल्बोच्या मागं कुठं फुटलं असेल तर ते रेघेवरून कळेल. पावणेबाराला डाग रेघेबाहेर गेला होता. दुसरी रेघ. ११:४५. मग १:१०. मग २:४०, पण या वेळी दोन रेघांमधलं अंतर बोटभरच. त्या दुपारी आमच्या घरात कोणी टीव्ही पाहिला नाही, मोबाइल नाही. सगळे येता-जाता भिंत पाहत होते. एकात एक रेघा, वेड्यावाकड्या, जमिनीचे नकाशे असतात तशा, आणि प्रत्येकीवर माझ्या वळणदार अक्षरात वेळ. चार वाजता डाग रेघेच्या आतच होता. आईनं बोट टेकवून पाहिलं आणि काही न बोलता चहा टाकायला गेली.

नळवाला पाच वाजता आला. केसांत अक्षता. मी बोलायचं बरंच ठरवून ठेवलं होतं. पण तो ओट्याखाली वाकला, खुंटीपाशी मोबाइलचा उजेड धरला, आणि हसला. "हे कोनं ठोकलं जी?"

"आईनं."

"आजी, माह्यासोबत चालता का कामाले?"

"रोज किती देशीन?" आईनं विचारलं.

मग त्याचं काम सुरू झालं. टाकीत उरलेलं पाणी ड्रमात उतरवलं. खुंटी काढायला त्याला पक्कड लावून दोन्ही पाय भिंतीला टेकावे लागले. निप्पलचे मोडलेले आटे एल्बोच्या आत तसेच अडकलेले. त्यानं हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा फडक्यात धरून आतून दोन बारीक चिरा पाडल्या, एल्बोच्या आट्यांना धक्का न लावता, मग छन्नीच्या टोकानं तो तुकडा आत वळवला, आणि संत्र्याची फोड निघावी तसा तो बाहेर आला. हे करताना त्यानं श्वास रोखला होता. नवी निप्पल पितळी. तिच्यावर पांढरी टेप, आट्यांच्या दिशेनं, मोजून बारा-चौदा वेढे. पूर्वी सुतळी आणि सफेदा लावायचे, मी म्हटलं. तो म्हणाला, त्याचे वडील अजून तेच लावतात. गच्चीवर जाऊन त्यानं नवा वॉलही बसवला आणि खाली येऊन मला सांगितलं, "सर, महिन्यातून एकदा फिरवत जा याले. काही काम नसलं तरी." सगळं मिळून पाऊण तास. मी सकाळी जे अर्ध्या फेऱ्यात मोडलं ते.

पैसे घेऊन तो माठाचं पाणी प्यायला, गटागटा, दोन लोटे. जाताना त्यानं खुंटी कचऱ्यात टाकली होती. आईनं ती उचलून धुऊन खिडकीत वाळत ठेवली.

याला महिना-दीड महिना झाला. डाग उन्हानं हळूहळू आत सरकत गेला, मधे पांढुरका क्षार सोडून, आणि एक दिवस नाहीसा झाला. रेघा राहिल्या. १०:३०, ११:४५, १:१०, २:४०. रंग द्यायचा आहे, पण पावसाळ्याआधी कोण रंग देतो. नातू आला होता, त्यानं विचारलं ही कुणाची उंची आहे. वॉल मी एकदा फिरवून आलो. जूनमध्ये पुन्हा फिरवायचा होता, राहून गेलं.

काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. पहाटे उठलो तर बैठकीत त्या रेघांच्या वर, सगळ्यात बाहेरच्या रेघेपासून चार बोटं अंतरावर, भिंत थोडी गडद दिसते आहे. बोट लावून पाहिलं. गार लागतं. पण पावसानंतर सकाळी भिंत गार लागतेच. आई अजून उठलेली नाही. मी पेन्सिल शोधतो आहे.